मागं म्हटलं की मागं

आमच्या हॉलचं छत बुटकं होतं आणि आमचा सगळा खेळ त्या बुटक्या छतातून आला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं ज्यांनी माझ्याबद्दल वर्तमानपत्रांतून रकाने भरले त्यांना ते कधी कळलंच नाही. ‘नेटजवळ वीज चमकावी तशी’ वगैरे. कसली वीज! लातूरच्या गंजाला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून सरकीचं एक जुनं गोदाम होतं. व्यापाऱ्यांच्या मंडळानं कधीतरी उदार होऊन त्यात शहाबादी फरशी घातली, पांढऱ्या पट्ट्या मारल्या आणि पोरांना बॅडमिंटन खेळायला दिलं. वर पत्रे, पत्र्यांखाली त्यांना तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, कैच्यांत कबुतरं. पिसांचं फूल जरा उंच उडालं की कैचीला धडकायचं, कबुतरं फडफडायची आणि पॉइंट जायचा. म्हणून आम्ही उंच मारायला शिकलोच नाही. आमचं फूल नेटच्या वर चार बोटं, सरळ, सपाट. मोठ्या शहरांतल्या मुली महिन्याला फी भरून जे शिकत होत्या, ते आम्हाला फुकटच्या छतानं शिकवलं.

आम्ही म्हणजे मी आणि रुक्मी. रुक्मीचं गाव तेरणेच्या काठावर, औशाच्या पलीकडं. शिकायला म्हणून ती लातुरात काकांकडं राहायची, आमच्याच गल्लीत. काका कॉलेजात फिजिक्स शिकवत. राहायची त्यांच्याकडं आणि जेवायची आमच्याकडं, असा एकूण हिशेब होता. आमच्या घरी सकाळी माझ्या वडिलांची, आप्पांची, लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जात नसे. आप्पांची घंटा वाजून थांबली की लगेच स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या आवाजावर रुक्मी आमच्या दारात हजर. माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, उदगीरकडची. राग आला की तिची कानडी सुरू व्हायची, माया आली की मराठी. रुक्मीशी ती कायम मराठीत बोलायची.

“ये गं रुक्मे, बस. तुझ्या काकूचं कालवण म्हंजी पाण्यात पाणी. हितं खा.”

“काकूला सांगू का अव्वा?”

“सांग की! माझ्या पुढ्यात सांग. मी का भिते?”

ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. कधी येसराची आमटी. मी नंतर खेळाच्या निमित्तानं देशभरच्या खानावळींत जेवले, आहारतज्ज्ञ नावाच्या बाईनं वजन करून दिलेलं कडधान्य खाल्लं. असो. ते खाऊन मी पळाले, पण जेवले नाही.

हमीद सर उर्दू शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हाला. त्यांची मराठी अर्धी दखनी, आणि रागावले की पूर्ण दखनी. त्यांचं एकच रडगाणं होतं, की आम्ही मुक्यानं खेळतो. “मुँह में दही जमा क्या? सिंगल्सवाल्याला पाय पायजेत बेटा. डबल्सवाल्याला गळा पायजे, गळा!” एके दिवशी त्यांनी आम्हाला खेळ थांबवून खिडकीशी नेलं. बाहेर गंजात तुरीची पोती उतरत होती. एक हमाल पाठीवर पोतं घेऊन कमरेत वाकलेला, मान पोत्याखाली दबलेली, त्याला स्वतःच्या पायांपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याच्या मागचा हमाल ओरडत होता, “म्होरं… म्होरं… मागं! मागं!” आणि पुढचा मान वर न करता पाऊल टाकत होता, थांबत होता, मागं येत होता. ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला तरी तो बिचकला नाही.

“देखा? त्याला दिसून ऱ्हायलं का? न्हाई. विचारून ऱ्हायला का, कशाला मागं म्हणून? न्हाई. आवाजावर चालायचं. संगी म्होरं उभी ऱ्हाणार, तिला मागचं दिसत न्हाई. रुक्मे, तू तिचे डोळे. मागं म्हटलं की मागं.”

त्या दिवसापासून आमचं तेच चाललं. मी नेटजवळ, रुक्मी मागं. ती कोपऱ्यात ओढली गेली की मागची जागा उघडी पडायची. ते मला दिसणं शक्य नव्हतं. ती ओरडायची “मागं!” आणि मी वळून न बघता मागं पळायची. तिचा गळा असा होता की गंजातले हमाल खिडकीत येऊन बसायचे आणि आम्हाला चिडवायचे, “हमालीला येता का बाई? आवाज लई भारी हाय!” रुक्मी त्यांना म्हणायची, “पोतं तुम्ही उचला, वरडायला मी येते.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची धाकटी बहीण सुमी यायची. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिला रॅकेट जड व्हायची, पण आम्ही दमलो की ती माझ्या जागी नेटजवळ उभी राहायची आणि रुक्मी तिला नुसती पळवायची. म्होरं. मागं. म्होरं. मागं. सुमी हसत हसत, न बघता, मागं पळायची आणि जाऊन थेट रुक्मीच्या पोटावर आदळायची. तिला वाटायचं हाच खेळ आहे. रॅकेट, फूल हे सगळं आमचं फालतू.

त्र्याण्णव साली गणपतीला रुक्मी गावी गेली.

भूकंपाबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तेव्हा गाड्या भरभरून येऊन पाहून घेतलं, फोटो काढून घेतले. आमच्या लातुरातल्या भिंतींना चिरा गेल्या, आम्ही रस्त्यावर गोधड्या टाकून झोपलो, एवढंच. गल्लीगल्लीतून भाकरी जात होत्या. अव्वा दिवसभर चुलीपुढं बसून होती आणि एक अक्षर बोलत नव्हती, ना मराठीत ना कानडीत. रुक्मीचे वडील शेतात वस्तीला होते, ते राहिले. रुक्मी राहिली. आई आणि सुमी गेल्या.

काका तिला घेऊन आले तेव्हा तिच्या अंगावर चमकीचा झगा होता. कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या कुणीतरी आपल्या मुलीच्या वाढदिवसाचा झगा दान केलेला. मला अजून त्या झग्याचा राग आहे. माणसं मेलेल्या गावात टाय पाठवले लोकांनी. उंच टाचांचे बूट पाठवले. आमचा हॉल त्या गाठोड्यांनी छतापर्यंत भरला होता, आणि त्यातला निम्मा माल फक्त स्वतःचं कपाट मोकळं करायला पाठवलेला होता. अव्वानं रुक्मीला आत नेलं, तो झगा काढला, माझा परकर-पोलका घातला आणि तो झगा चुलीत घातला. प्लॅस्टिकचा वास दोन दिवस घरात होता.

हळूहळू गाठोडी गेली, एक बाजू मोकळी झाली. हमीद सरांनी झाडून घेतलं आणि आम्हाला बोलावलं. मला वाटलं होतं, रुक्मी पत्र्याखाली येणार नाही. तेव्हा मोठमोठी माणसं छताखाली यायला घाबरत होती. ती आली. रॅकेट धरली. हात तसाच होता, मनगट तसंच होतं, सपाट फूल तसंच सणसणत जात होतं. फक्त आवाज नव्हता. मी नेटजवळ उभी, पाठीमागं नुसते तिचे पाय वाजतायत. एरवी ती बोलायची, जेवताना अव्वाला “भाकरी द्या” म्हणायची. पट्ट्यांच्या आत आली की बंद. हमीद सर एकदा म्हणाले, “आवाज कुठं गेला बेटा?” तिनं खाली बघितलं. सरांनी पुन्हा विचारलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला जन्मभर मानते.

त्याच दिवसांत काकांनी कॉलेज सोडून दोघा जोडीदारांबरोबर क्लास काढला. लातुरात तेव्हा क्लासचं वारं सुटलं होतं. ज्या घराला एक खोली जास्तीची ती परगावच्या पोरांना भाड्यानं जात होती, पहाटे पाचला गल्लीतून सायकली वाहत होत्या. नांदेड, परभणी, बिलोली, कुठून कुठून आईबाप पोरांना पत्र्याची पेटी घेऊन आणून सोडत होते. काका रुक्मीला आमच्याच ओट्यावर बसवून म्हणाले, “नांदेडला राज्याच्या संघाची निवड हाय ना? जा. निवड झाली तर खेळ, मी आडवा येणार न्हाई. झाली न्हाई तर जूनपासून क्लासला बसायचं. डॉक्टर व्हायचं.”

मी तेव्हा कुणालाही उलट बोलायची. “काका, तिला खेळायचंय. तिला विचारा तरी.”

“संगीता, ह्या पोरीचं घर दगडाचं होतं. दीड हात जाडीची भिंत. माझ्या आज्यानं बांधली होती, शंभर वर्षं टिकंल म्हणायचा. घर पडतंय बाई. डिग्री पडत न्हाई.”

  पुढं मी सभा गाजवल्या, खेळाडूंच्या हक्कासाठी मोठ्या साहेबांच्या तोंडावर पत्रकं फेकली, पण त्या ओट्यावर मी हरले होते. रुक्मीनं मान हलवली. ती म्हणाली, “जाऊ नांदेडला.”

नांदेडला माझ्या आत्याकडं उतरलो. दुपारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसलो, रुक्मीनं डाळ दोनदा मागून घेतली, हमीद सरांकडं बघून हसली. भूकंपानंतर पहिल्यांदाच ती पुन्हा वाढून घेत होती, आणि मी आणि सर ते न बघितल्यासारखं करत होतो. संध्याकाळी हॉलवर गेलो आणि मी वर बघितलं. छत दिसत नव्हतं. म्हणजे होतं, पण इतकं उंच की दिव्यांच्या पलीकडं काळोख. कबुतर नाही, कैची नाही. मी एक फूल वर मारून बघितलं, ते कशालाच धडकलं नाही.

समोर नांदेडच्याच दोन मुली, उंच, चांगल्या बुटांच्या. पहिला गेम आम्ही असा घेतला की त्यांना फूल दिसलंच नाही. सपाट, सपाट, नेटवर संपवलं. लोक उठून बसले. हिमायतनगरहून आलेली कुणी शाळेची पोरं “लातूऽर, लातूऽर” ओरडायला लागली. मग त्यांच्या सरांनी दोघींना कानात काहीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या गेमपासून त्यांनी आमच्या डोक्यावरून मारायला सुरुवात केली. उंच. काळोखापर्यंत उंच. एकदा रुक्मीला उजव्या कोपऱ्यात ओढायचं आणि मग डाव्या कोपऱ्यात उंच टाकायचं. तिथं मी हवी. मी तिथं असायला तिनं ओरडायला हवं.

ती ओरडली नाही. दुसरा गेम गेला. मध्यंतरात मी तिचे खांदे धरले. “रुक्मे, एक शब्द. नुसता एक. मी येते मागं. फक्त सांग.” ती हो म्हणाली. तिला खरंच सांगायचं होतं. हे मी शपथेवर लिहून देते. तिला क्लासला जायचं नव्हतं, तिला माझ्याबरोबर खेळायचं होतं, आणि ते सगळं त्या एका शब्दावर होतं. तिसऱ्या गेममध्ये मी अंदाजानं मागं पळत राहिले. अर्धे अंदाज बरोबर आले, अर्धे चुकले. शेवटी त्यांच्याकडं मॅच पॉइंट. फूल माझ्या डोक्यावरून गेलं आणि ह्या वेळी, जे आम्हाला कधीच करायचं नाही असं शिकवलं होतं ते मी केलं. वळून बघितलं.

रुक्मी उजव्या कोपऱ्यात उभी होती. तोंड उघडं. गळ्याच्या शिरा तटतटून फुगलेल्या. ओठ म-म-म असे हलत होते. आणि आवाज नाही. फूल आमच्या दोघींच्या मधे, सावकाश, फिरत फिरत येऊन पडलं. उंच छताच्या हॉलमध्ये फूल किती हळू पडतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

निवड समितीतले एक गृहस्थ हमीद सरांना म्हणाले, “ती पुढची पोरगी आम्हाला द्या. आमच्या नांदेडच्या मुलीबरोबर लावतो. मागची… ती काय मुकी आहे का?” डबल्सची जोडी अशी मोडतात. गाडीचं एक चाक चांगलं दिसलं की काढून दुसऱ्या गाडीला लावतात. हे मी नंतर आयुष्यभर पाहिलं, माझ्याच हातून नव्या-नव्या जोडीदारणी गेल्या, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी टाय लावलेला माणूस ह्याला ‘संघाचं हित’ म्हणाला. तेव्हा हमीद सर एवढंच म्हणाले, “मुकी न्हाई साहेब. तिचा आवाज गंजात जाऊन विचारा.”

दुसऱ्या दिवशी बस दुपारची होती. आम्ही गोदावरीच्या घाटावर बसलो, अव्वानं बांधून दिलेले धपाटे सोडले. सर लांब पायऱ्यांवर बसले होते. रुक्मीनं धपाट्याचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

“संगे, मी अंगणात होते.”

मी डबा बाजूला सरकवला.

“विसर्जन करून उशिरा आलो होतो. मला झोप यीना म्हणून भाईर बसले होते. हालायला लागलं तवा सुमी उठून दारात आली. झोपेत होती. दाराम्होरची भिंत अशी झुकली, अशी… ती हिच्या अंगावर येणार म्हणून मी वरडले.”

“काय वरडलीस?”

तिनं नदीकडं बघितलं. “तू सांग ना. आपुन काय वरडतो?”

मला कळलं. तिनं सांगायच्या आधी कळलं, तरी तिनं सांगितलंच.

“तिनं बघितलं पन न्हाई माझ्याकडं. हसल्यावानी केलं आन् गेली की मागं. आत. आन् छत आलं.” मग म्हणाली, “ती भिंत पडलीच न्हाई, संगे. अजून उभी हाय.”

धपाटे तसेच परत आणले. अव्वानं डबा उघडला, बघितला आणि भाकरी थापायला बसली.

लातूरला आलो तर हॉलला कुलूप. मंडळानं तो क्लासला भाड्यानं दिला होता. काकांच्याच. मदतीचा माल संपला, आता पोरांचं भविष्य घडवायचं, असं मंडळाचे अध्यक्ष हसत हसत म्हणाले. तेव्हा मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. स्टेन्सिलवर, हमीद सरांच्या शाळेतल्या यंत्रावर काढलं, शाईनं हात कोपरापर्यंत काळे. ‘खेळाची जागा गिळणाऱ्यांनो!’ असं सुरू होत होतं. लुटारू, दलाल, शिक्षणाचे बाजारबसवे, मला येत होते ते सगळे शब्द त्यात घातले. गंजात, कॉलेजच्या दारात, एस.टी. स्टँडवर वाटलं. रुक्मीबद्दल एक ओळही घातली नाही. हमाल मात्र माझ्या बाजूनं होते. एकानं ते पोत्यावर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं आणि जिथं लुटारू येईल तिथं अध्यक्षांच्या पेढीकडं हात केला. काकांनी पत्रक आमच्या दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. “राग बरोबर हाय तुझा,” ते म्हणाले. “पत्ता चुकलाय.”

लोक मला विचारतात, रुक्मीची रॅकेट कुणी हिसकावली, भूकंपानं की क्लासनं? माझ्या पत्रकांना सवय आहे दोषी नाव लिहायची. आत्मचरित्रातलं हे प्रकरण मी तीनदा लिहून फाडलं ते त्याचसाठी, की नाव सापडत नाही आणि राग तर जात नाही. रुक्मी डॉक्टर झाली. आज चाकूरला तिचा दवाखाना आहे, चांगला चालतो. तिच्या नर्सा सांगतात, मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. लई शांत स्वभाव. त्यांना ते कौतुक वाटतं.

मी नांदेडच्या मुलीबरोबर पहिल्या शिबिराला जाऊन आले, त्यानंतर रुक्मीला भेटायला हॉलवर गेले. दुपारची सुट्टी होती. आत बाकांच्या रांगा. फळा जिथं लावला होता तिथं आमची मागची पट्टी होती. बाकांखालून पांढऱ्या पट्ट्या अजून दिसत होत्या, कुणी पुसायची तसदी घेतली नव्हती. वर तीच कबुतरं. रुक्मी एकटीच बसली होती, मधल्या बाकावर, नेट असायचं तिथं. माझ्या जागेवर. वही उघडी, डबा उघडा.

“बस,” ती सरकली. मी तिच्याजवळ बसले. बाहेर गंजात पोती उतरत होती आणि मागचा हमाल पुढच्याला ओरडून सांगत होता. आम्ही दोघी ऐकत बसलो. तिच्या डब्यात काकूचं पाणचट कालवण होतं, मी अव्वाची चटणी आणली होती, ती तिनं भाकरीवर घेतली.

“ती पोरगी वरडती का तुला?” तिनं विचारलं.

“वरडती.”

“मागं म्हणती?”

“म्हणती.”

“तू जातीस?”

“जाते.”

“न बघता?”

“न बघता.”

रुक्मीनं घास खाली ठेवला. वर कैच्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, “आन् मग काय होत न्हाई?”

“न्हाई रुक्मे,” मी म्हणाले. “काय होत न्हाई.”

तिनं मान हलवली, आणि भाकरीचा तो तुकडा उचलून माझ्या हातात दिला.